वाघबारस आणि वाघोबाशी झालेला ठराव

आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते. त्याच तिथीच्या सुमारास डहाणू-जव्हारकडील वारली पाड्यांवर, इतकेच नव्हे तर मुंबईतील आरे वसाहतीच्या पाड्यांवरही, वाघबारस असते आणि पूजा होते ती गुरे उचलून नेणाऱ्या वाघोबाची.

त्यामागची कथा मला फार महत्त्वाची वाटते. तपशील गावोगाव बदलतात, पण गाभा साधारण असा आहे: लग्नाआधी आई झालेल्या एका राजकन्येने आपले मूल लपवून ठेवले, ते मूल रानात जाऊन वाघ झाले आणि गावची गुरेढोरे मारू लागले. गावकऱ्यांनी गाऱ्हाणे मांडल्यावर आईने मध्यस्थी केली. गावाने वाघाला स्थान द्यावे, वर्षातून एकदा कोंबडे-बकऱ्याचा मान द्यावा आणि त्याबदल्यात वाघाने माणसांना व गुरांना त्रास देऊ नये, असे ठरले.

आदिवासींच्या निसर्गप्रेमाविषयी आपण जे गोडगोड लिहितो, त्यात ही कथा बसत नाही. येथे वाघ निरुपद्रवी नाही आणि माणूसही त्यागी नाही. दोघांनाही त्याच रानात पोट भरायचे आहे, म्हणून वाटा ठरवून दिला आहे. कित्येक वाघोबांच्या दगडांवर किंवा लाकडी फळ्यांवर वाघाच्या जोडीला चंद्र-सूर्य कोरलेले असतात. जुन्या दानलेखांवर शब्द टिकावा म्हणून हीच चिन्हे कोरली जात, त्यामुळे ती पाहिली की मला देवाच्या मूर्तीपेक्षा करारनाम्याचीच आठवण होते. (हा अर्थ माझा, वारल्यांच्या तोंडी घालण्याचा हेतू नाही.)

हाच वाटेकरीपणा धान्यातही दिसतो. धान्य म्हणजे कणसरी, ती देवी. तिची पूजा झाल्याशिवाय नवे धान्य खायचे नाही. पहिल्या पावसानंतरच्या रानभाज्याही देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत, त्यामुळे कोवळ्या रोपांना वाढायला आपोआप अवधी मिळतो.

वारली बोलण्यात ‘वाघ’ या शब्दात बिबट्याही येतो. आरेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आज वाघ मोकळा फिरत नाही, बिबटे फिरतात आणि रात्री पाड्यांपर्यंत येतात. वाघबारशीचा मान त्यांच्याच नावाने निघतो.