तेलाला रकाना नाही

टँकर घाटाच्या उतारावर आडवा झाल्यावर वरून पहिला फोन आला तो हायवे किती वेळात मोकळा होईल हे विचारायला. तेल कुठं गेलं, हे पहिल्या दोन तासांत कुणीच विचारलं नाही. पुणे-बेंगळुरू रस्ता, जुना चार नंबर, आता ४८. तो तासभर तुंबला की फोन थेट बेळगावहून येतात. ओढा तुंबला तर साधा पोलीससुद्धा सावकाश येतो.

मी निपाणी तालुक्यात महसूल खात्यात आहे. कर्नाटकात आमच्या पदाचं नाव दर काही वर्षांनी बदलतं, लोक मात्र तलाठीच म्हणतात. काम म्हणजे उतारे, पिकांची नोंद आणि काही बिघडलं की पंचनामा. तो लिहायचा कन्नडात, वाचून दाखवायचा मराठीत.

टँकरमध्ये फर्नेस ऑईल होतं, फौंड्रीच्या आणि बॉयलरच्या भट्ट्यांना लागतं ते. डिझेल असतं तर लोक कॅन घेऊन धावले असते. याला कुणी हात लावला नाही. बंब आला, आग नाही म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला आणि रस्ता निसरडा नको म्हणून पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढला. धुतलेलं सगळं गटारीतून मोरीत, मोरीतून ओढ्यात. त्यांना रस्ता साफ करायला सांगितला होता, तो त्यांनी साफ केला. खालच्या अंगाला दोन गावांच्या पिण्याच्या विहिरी ओढ्याला लागून आहेत, हे त्यांना कोण सांगणार?

मार्गशीर्षातली थंडी आमच्या मदतीला आली. थंडीत हे तेल काकवीसारखं रेंगाळतं. पाणीपुरवठा संस्थेच्या मोटरीवर जन्म काढलेले एक तात्या आहेत. ते म्हणाले, "सायेब, नुसता बांध घालू नगा. पानी तुंबलं की वरनं सांडंल, आन् तेल तर वरच असतंय." त्यांनी वाळूच्या पोत्यांचा बांध घातला आणि त्यात पीव्हीसी पाईप तिरका बसवला. वरच्या अंगाचं तोंड तळाशी बुडालेलं, खालच्या अंगाचं तोंड उचललेलं. पाणी तळातून निघून जातं, तेल वर अडून बसतं. खालचं तोंड किती उचलायचं यावर सगळा खेळ असतो. कमी उचललं तर पातळी उतरते, वरचं तोंड उघडं पडतं आणि पाईप तेलच ओढायला लागतो. तात्यांनी ते तोंड दगडाच्या चिपा सारून सारून बसवलं. कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत गुऱ्हाळावरची वाळलेली चिपाडं भरून दोरीनं ओढ्यावर आडवी बांधली. चिपाड तेल चांगलं पितं, पण पाणीही पितं. वेळेत बाहेर नाही काढलं तर जड होऊन बुडतं. पोरांनी रात्रभर पिशव्या बदलल्या.

समुद्रात तेल सांडलं तर तटरक्षक दल आहे, राष्ट्रीय आराखडा आहे. तरी २०१७ साली चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, तेव्हा माणसं बादल्यांनी तेल उपसताना सगळ्या देशानं पाहिली. आमच्या ओढ्याला आराखडाच नाही, बादल्या मात्र घरच्या होत्या.

विहिरी वाचल्या. माझ्या डोक्यातून जात नाही ते पुढचं.

बांध ज्याच्या शेताला लागून घातला, त्याची मोटर वरच्या अंगाला, नेमकी तेल अडवलं तिथं. मोटरीला ऑटो स्टार्टर. रात्री थ्री फेज आली की आपोआप सुरू. गडी परगावी, फोन लागेना, पेटीला कुलूप. लाईनमन म्हणाला, एका मोटरीसाठी अख्खा फीडर कसा बंद करू? त्याचंही खरं होतं. आम्ही कुलूप तोडेपर्यंत अर्धा एकर उसाच्या सऱ्यांत काळा थर बसला होता.

पंचनामा केला, पण भरायचा कुठं? केंद्राच्या २०२२-२६ च्या मदत निकषांत आपत्ती बारा. पूर, दुष्काळ, गारपीट, टोळधाड, थंडीची लाटसुद्धा. त्यांतलं काही असतं आणि ३३ टक्क्यांवर नुकसान दिसलं असतं, तर बागायतीला हेक्टरी १७,००० रुपयांच्या दरानं मिळाले असते. तेल त्या बारांत नव्हतं. भोपाळनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला, त्यात खाजगी मालमत्तेला कमाल ६,००० रुपये ठरवले होते. राहिला टँकरचा विमा. त्यासाठी अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं.

दुधाचं तर कुठंच लिहिता आलं नाही. "त्या गावची जनावरं तेलाचं पाणी प्याली" अशी आवई उठली आणि डेअरीनं काही दिवस गावचे कॅन परत पाठवले. केरळच्या किनाऱ्याजवळ २०२५ साली एमएससी एल्सा-३ हे मालवाहू जहाज बुडालं, तेव्हा सरकारनं ती राज्य आपत्ती जाहीर केली आणि मच्छीमार कुटुंबांना हजार-हजार रुपये दिले. थोडे का असेनात, पण दिले. आमच्या बायकांनी दूध ओढ्यातच ओतलं.

आणि तेल प्यालेल्या चिपाडाच्या पिशव्या? नियमानं तो घातक कचरा. न्यायचा कुणी, खर्च कुणाचा, यावर पत्रव्यवहार चालू असतानाच पिशव्या गायब झाल्या. झकास जळतात म्हणे. कुठल्या गुऱ्हाळावर गेल्या ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. सगळे म्हणतात, "लिवू नगा सायेब."

तो ऊसवाला परवा पुन्हा आला होता. कारखान्याचा शेतकी माणूस तेलाच्या फडाला तोड देत नाही. ऊस गेल्याशिवाय पैसा नाही, पैशाशिवाय वकील नाही, वकिलाशिवाय दावा नाही. "बांध माझ्याच बांधाला घालायचं कुनी ठरवलं?" त्यानं विचारलं. ओढा तिथंच अरुंद आहे, असं मी सांगितलं. ते खरंच आहे. मग त्यानं पंचनाम्याची नक्कल मागितली, मी शिक्का मारून दिली.