शेतघर: उत्तरेच्या भिंतीची ओल अखेर सापडली

मंडळी, औद्योगिक वसाहतीत अडकलेल्या जुन्या दगडी शेतघराच्या उत्तरेच्या भिंतीला ओल कुठून येते ते सापडलं! ओलीचं मूळ भिंतीत नाहीच, बाहेरच्या भरावात आहे.

सिमेंटचा गिलावा उतरवल्याचं मागे लिहिलंच होतं. वरचा भाग छान वाळला. खालचा मीटरभराचा पट्टा मात्र वाळायचं नाव घेईना. लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) झाडावा, तर थोड्याच दिवसांत पुन्हा पांढरी लव उभी. दगड शाबूत, पण दर्जांमधला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला, चुना बोट लावताच भुगा होऊन गळतो. क्षार ओळखणाऱ्या चाचणीपट्ट्यांवर सल्फेट सगळीकडे निघालं. जुन्या गोठ्याच्या कोपऱ्यात नायट्रेटचा रंग सगळ्यात गडद आला, जनावरांचं मूत तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलंय. सोडियम सल्फेट पाणी धरून स्फटिक झालं की आकारमान चौपटीच्या आसपास जातं. भिंत जितक्या वेळा भिजते-वाळते, तितक्या वेळा दर्जा आतून फुटतात. म्हणून ओल थांबल्याशिवाय नवा गिलावा नाही, यावर मी ठाम आहे. ओल रोखायला भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याचा सल्लाही मी बाजूला ठेवला. दोन बाजूंना दगड आणि पोटात माती-चिपा, अशा भिंतीत ते रसायन सलग पसरत नाही.

मग भिंतीलगत चर घेतला. वर मुरूम, त्याखाली काँक्रीटचे तुकडे, शेजारच्या शेडच्या बांधकामाचा राडारोडा. गुडघाभर खाली गेल्यावर पहार खणकन वाजली. घडीव दगडांची फरसबंदी! पाणसळ (समपातळी पाहायचं साधन) लावली तर भिंतीपासून बाहेर मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर उतार, अजूनही शाबूत. जोत्याचा घडीव थरही तिथेच गाडलेला. औद्योगिक वसाहतीचे भूखंड समतल करताना भोवतीची जमीन चढत गेली आणि घर खड्ड्यात राहिलं. घरातली जमीन आज बाहेरच्या मातीपेक्षा खाली आहे, मग पाणी भिंतीत शिरणार नाही तर काय! बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार किती नीट केला होता, हे त्या उतारावर हात फिरवताना कळलं. फार आनंद झाला.

त्यामुळे बेत बदलला. पाणी वाहून नेणारा छिद्रांचा पाइप पायालगत टाकायचा होता, आता नाही. फरसबंदी पूर्ण मोकळी करायची, पाणी तीच बाहेर नेईल, आणि पाइप तिच्या बाहेरच्या कडेला. पायाशेजारी खोल खणणंही टळतं. काही फरशा गायब आहेत. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचं नववं कलम सांगतं की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. म्हणून नव्या फरशा जुन्यासारख्या घडवून बसवणार नाही, तिथे चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) साधा कोबा.

हे लिहिताना एक अडचण समोर आली: उतार संपतो तो कुंपणाच्या भिंतीशी, आणि पलीकडचा ट्रकचा रस्ता त्याहून उंच! म्हणजे पाइप वळवून पश्चिमेच्या मोकळ्या कोपऱ्यात शोषखड्डा करावा लागणार. त्यात फक्त छपराचं आणि अंगणाचं पाणी. रस्त्यावरचं तेलकट पाणी आत येता कामा नये, त्यासाठी फाटकापाशी आडवी जाळीची गटार. शिवाय वसाहतीतली माती आहे, आधी तिची तपासणी आणि मगच खड्डा.

बाकी थोडक्यात. भेग वाढते का ते कळावं म्हणून तुळईखालच्या भेगेवर चिकटवलेल्या काचपट्ट्या अजून अखंड आहेत, दिवसभर ट्रेलर जात असूनही! दर्जा कोरायला ग्राइंडर मुळीच नको, दगडाच्या कडा जातात. अरुंद छिन्नी आणि हलकी हातोडी पुरे. या खेपेच्या कळीच्या चुन्यात (भाजलेला, पण अजून पाणी न घातलेला चुना) न भाजलेले खडे बरेच निघाले, म्हणून पाण्यात विरवल्यावर बारीक जाळीतून गाळला. आता पाण्याखाली ठेवलेली लगदी लोण्यासारखी झाली आहे. पिशवीतला तयार चुना घेणाऱ्यांनी तारीख पाहूनच घ्यावा, हवा लागली की तो पिशवीतच निकामी होत जातो.

आता भराव काढायचा, तोही हातानेच. जेसीबी भिंतीजवळ आणणार नाही. वरच्या वाळलेल्या पट्ट्यातल्या दर्जा दरम्यान भरून घेईन. पाणी तुटल्यावर गोठ्याच्या कोपऱ्याला क्षार ओढणारा लेप लावायचा विचार आहे. कागदी लगदा, केओलिन (पांढरी चिनी माती) आणि वाळू यांचं कुठलं प्रमाण दगडी भिंतीवर नीट धरून राहिलं, आणि लेप किती जाड ठेवलात, ते वापरलेल्यांनी नक्की कळवा.