एका हातात साखळी, दुसऱ्या हातात दुर्बीण

रोज सकाळी सहाला नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगराकडे जाणे मी बंड्यासाठी सुरू केले; पक्षी त्यात नंतर आले. बंड्या हा आमचा चार वर्षांचा गावठी कुत्रा. ऑक्टोबरातल्या एका सकाळी पायवाटेलगतच्या खडकावर काळ्या अंगाचा, विटकरी पोटाचा, शेपूट सतत थरथरवणारा लहान पक्षी दिसला. तो हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा थिरथिरा आहे हे घरी येऊन शोधल्यावर कळले, आणि त्याच महिन्यात मी ८ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण विकत घेतली.

दुर्बिणीला दोन हात लागतात, ही साधी गोष्ट दुकानात सुचली नव्हती. पहिल्याच दिवशी बाभळीवरचा खाटीक पक्षी नीट दिसू लागला असतानाच बंड्याला सरडा दिसला, त्याने हिसका दिला आणि दुर्बीण माझ्या भुवईवर आदळली. मग साखळी सोडून कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल अशी दीड मीटरची दोरी घेतली. मी थांबलो की त्यानेही थांबावे म्हणून दर थांब्याला चपातीचा एक तुकडा देऊ लागलो. तीन आठवड्यांनी असे झाले की मी दुर्बीण नुसती वर उचलली तरी तो बसतो. हे पक्षिप्रेम नसून चपातीप्रेम आहे, याबद्दल माझा गैरसमज नाही.

खरी अडचण एप्रिलमध्ये आली. डोंगरामागच्या खडकाळ माळावर मी बंड्याला मोकळे सोडत असे. त्या दिवशी एक टिटवी ओरडत त्याच्या डोक्यावर पुन्हापुन्हा झेपावत होती आणि मी ते मजेने दुर्बिणीतून पाहत होतो. मेंढ्या राखणारे एक आजोबा लांबूनच ओरडले, “अहो दादा, कुत्र्याला आवरा आधी! अंडी हायेत तिची तिथं.” बंड्याला बांधून त्यांनी काठीने दाखवलेल्या जागेकडे मी पाहिले, तरी बराच वेळ मला खडेच दिसत होते, मग त्या खड्यांतली चार अंडी वेगळी दिसू लागली, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. टिटवी घरटे असे बांधत नाहीच, जमिनीवरच्या उथळ खळग्यात अंडी घालते, आणि कुत्रा जवळ घुटमळत राहिला तर तिला उन्हात अंडी सोडून उठावे लागते. तिचे ओरडणे अशुभ असते असे लहानपणी ऐकले होते. त्या सकाळी अशुभ आम्हीच होतो.

तेव्हापासून मार्च ते पावसाळा संपेपर्यंत आम्ही माळ टाळतो, आणि दोरी एरवीही सोडत नाही. झाडीच्या वाटेने जाताना दिसते कमी, पण ऐकू जास्त येते. तांबटाचा टुकटुक आवाज आणि जूनच्या तोंडावरचा पावशाचा ‘पेर्ते व्हा’ हे दोन्ही मी पक्षी न दिसता वहीत लिहितो. सातभाईंचा कलकलाट मात्र बंड्या माझ्याआधी हेरतो: कान टवकारतो आणि दोरी ताणतो.

निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला मी त्याला नेत नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे ते अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले आणि तिथे कुत्र्याचे काही काम नाही. डिसेंबरात चक्रवाक पाहून परतलो, तेव्हा दारातच त्याने माझे चिखलाचे बूट पाच मिनिटे हुंगले आणि मग माझ्याकडे पाठ करून बसला.