भीमाशंकरला गेलो, ते शेकरू बघायला

आमच्याकडे भीमाशंकर म्हणजे दर्शन, रांग आणि येताना मंचरला चहा, एवढंच समीकरण होतं. पण लेकीच्या पुस्तकात आलं की महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, मग काय, "आई आपण बघायला जाऊ ना" हे पंधरा दिवस रोज. शेवटी मे महिन्यात एका बुधवारी सुट्टी टाकून निघालो, शनिवार-रविवारी आणि सोमवारी तर चुकूनही जाऊ नका, जंगल राहिलं बाजूला, पार्किंगमध्येच दिवस जातो.

सासूबाई दर्शनाला आणि आम्ही चौघं गुप्त भीमाशंकरच्या वाटेला. गावातला एक दादा सोबत घेतला हे फार बरं केलं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत शिरल्यावर एकदम गारवा, वर जांभूळ-अंजनाच्या फांद्या अशा गुंतलेल्या की आभाळ तुकड्या-तुकड्यातच दिसतं. काही भाग तर जुनी देवराई, देवाच्या भीतीने पिढ्यानपिढ्या कुणी कुऱ्हाड लावली नाही, म्हणून राहिलंय. सरकारी अभयारण्य झालं ते पार नंतर, 1985 साली, तेही मुख्यतः या शेकरूसाठीच.

आम्ही सगळे माना वर करून चालतोय, धाकटा दोनदा मुळांना अडखळून पडला, तर दादा म्हणाले, "वर नका बघू ताई, खाली बघा." खाली अर्धवट कुरतडलेली उंबरं पडलेली, ताजी, आतला गर अजून ओला. तिथेच गप्प उभं राहिलो. पाचेक मिनिटांनी पानं हलली आणि दिसलं! मागच्या पायांनी फांदी धरून चक्क उलटं लटकलेलं, पुढच्या दोन पायांत उंबर धरून खातंय, तांबूस-तपकिरी अंग, पोट पिवळट पांढरं आणि झुपकेदार शेपूट खाली लोंबतेय. आपल्या अंगणातली खार डोक्यात असेल तर विसरा, शेपटीसकट तीन फुटांच्या आसपास भरतं हे. मग अहोंना नेमकी तेव्हाच शिंक आली. एका उडीत पलीकडच्या झाडावर, खाली उतरायचं नावच नाही.

त्यानंतर मुलांनी घरटी मोजायचा खेळ काढला, काटक्या-पानांचे मोठे गोळे उंच बारीक फांद्यांवर. सात झाली तेव्हा लेक म्हणाली म्हणजे सात शेकरू! तर नाही, एकच शेकरू चार-सहा घरटी बांधतं म्हणे, त्यातलं पिल्लांसाठी एखादंच. "मग बाकीच्यांचं भाडं घेतं का?" इति धाकटा.

परत आलो तर पार्किंगमध्ये माकडाने वेफर्सचं अख्खं पाकीट पळवलं, चूक आमचीच, हातात धरून कोण फिरतं. आणि जंगलाच्या कडेला प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीग बघून डोकंच फिरलं, देवाला हात जोडून आलेल्यांनीच टाकलेल्या ना त्या.

पायऱ्यांशी सासूबाई भेटल्या, मांडीवर करवंदांचा द्रोण आणि पदरात बाळहिरड्याची पुडी, विकणाऱ्या मावशींशी मस्त गप्पा रंगलेल्या. धाकट्याने चॉकलेट समजून एक हिरडा तोंडात टाकला, घोडेगाव येईपर्यंत तोंड वाकडं.