मालवणच्या उकाड्यात अमिगाचा वेग वाढवताना

बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने १९९३ मध्ये आणलेला अमिगा १२०० हा घरगुती संगणक अजून आमच्याकडे चालतो. मूळ प्रोसेसर १४ मेगाहर्ट्झचा. पोटाखालच्या खाचेत ॲक्सिलरेटर कार्ड, म्हणजे ६८०३० हा जास्त वेगवान प्रोसेसर असलेला जोड-बोर्ड, ४० मेगाहर्ट्झचा. ते ५० वर न्यायचं कधीपासून मनात होतं.

कुडाळच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "आदी व्होल्ट बघ, मगे पळव."

मीटर लावला. मशीन चालू असताना कार्डावर पाच व्होल्टच्या जागी ४.७२! प्लगच्या पिनांवर खाऱ्या वाऱ्याने हिरवा गंज चढला होता. तो साफ केला तेव्हा ५.०१ आले. बोर्डावरचे जुने कपॅसिटरही पाझरले होते. सोल्डरिंगचा ताप लागताच घरभर बांगड्यासारखा वास सुटला. पाझरलेल्या द्रवाची ही खात्रीची खूण. तेही बदलले. हे न करता वेग वाढवला असता तर पुढच्या प्रत्येक बिघाडाचा दोष उगाच प्रोसेसरला गेला असता.

मग ऑसिलेटर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा ठोका देणारा भाग. ही चौकोनी धातूची डबी सॉकेटमध्ये बसते. तिचे तीन कोपरे गोल आणि एक टोकदार असतो. टोकदार कोपऱ्याला पहिली पिन. उलटी बसली तर जळते, म्हणून मी भिंगातून दोनदा पाहिलं. त्याआधी कार्ड-डिस्कची (हार्डडिस्क म्हणून वापरत असलेल्या मेमरी कार्डाची) नक्कल काढून ती डिस्क काढूनच ठेवली. अस्थिर प्रोसेसरने चुकीचा डेटा लिहिला तर तो पुन्हा मिळत नाही. चाचण्या सगळ्या फ्लॉपीवरून.

५० वर सुरू झालं, आणि वीस मिनिटांनी गोठलं. चिपला बोट लावलं तर टेकवत नव्हतं. उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक चिकटवला, मेमरीचा वेग ठरवणारा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) संथ वेळेवर नेला, तरी दुपारी दोनला पुन्हा तेच. मे महिना होता. डिसेंबरात कदाचित चाललं असतं, पण कोकणात मे टाळून कसं चालेल?

४८ चा ऑसिलेटर लावला. रात्रभर मेमरी-टेस्ट, मग तीन दुपारी रे-ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचं गणित करून चित्र काढणं. एकही चूक नाही. पाच तास घेणारं चित्र आता चार तास वीस मिनिटांत होतं. डिस्क परत जोडली ती चौथ्या दिवशी. ५० वाली डबी सिलिका जेलच्या पुडीसोबत कपाटात आहे.