तुम्ही विचारलंत म्हणून : युरोपात न टिकलेला स्ट्रायकर

दक्षिण आफ्रिकेच्या फुटबॉल लीगविषयी लिहिले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : तिथे गोलांचा धडाका लावणारे स्ट्रायकर युरोपात गेल्यावर का टिकत नाहीत? दाखला बहुधा कॉलिन्स एम्बेसुमाचाच दिला जातो, म्हणून उत्तरही त्याच्याच कारकिर्दीतून देतो.

झांबियातील लुआन्शा या तांब्याच्या खाणींच्या गावात १९८४ साली जन्मलेल्या एम्बेसुमाने २००४-०५च्या हंगामात दक्षिण आफ्रिकेच्या कायझर चीफ्स या क्लबकडून लीगमध्ये २५ आणि सर्व स्पर्धा मिळून ३५ गोल केले. अंगाने भरदार असलेला हा गडी गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, मागून रेटणाऱ्या बचावपटूला पाठीवरच थोपवून धरायचा आणि तो सावरण्याआधी गर्रकन वळून फटका मारायचा. चीफ्स विजेते ठरले आणि इंग्लंडच्या पोर्ट्समथने त्याला करारबद्ध केले. तिथे त्याच्या वाट्याला जेमतेम काही सामने आले. पुढे पोर्तुगाल आणि तुर्कस्तान करून तो दक्षिण आफ्रिकेत परतला. बहुतेक जण त्याची कथा इथेच संपवतात आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

कारण त्या २५ गोलांनंतर तब्बल ११ वर्षांनी, २०१५-१६मध्ये, एमपुमलांगा ब्लॅक एसेस या तुलनेने लहान क्लबकडून १४ गोल करून, वयाच्या बत्तिशीत, तो पुन्हा लीगमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. या मानकऱ्याला मिळणाऱ्या पुरस्काराला लेस्ली मन्याथेलाचे नाव आहे. ऑर्लँडो पायरेट्स या क्लबचा हा आघाडीवीर २००३ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला.

दक्षिण आफ्रिकेच्या लीगमध्ये इतकी वर्षे टिकून राहणे किती अवघड असते, हे बाहेरून सहसा लक्षात येत नाही. एका क्लबला पाचच परदेशी खेळाडू नोंदवता येत असल्याने झांबिया, झिम्बाब्वे किंवा नामिबियातून आलेल्या स्ट्रायकरचे गोल आटले की त्याची जागा दुसऱ्याला देण्याचा विचार लगेच सुरू होतो. शिवाय लीगमधले स्थानच विकत घेता येते, त्यामुळे क्लब पायाखालून निघून जाऊ शकतो. एम्बेसुमाच्या त्या हंगामानंतर लगेच, २०१६मध्ये, ब्लॅक एसेसचे स्थान विकले गेले, त्या जागी केप टाउन सिटी उभा राहिला आणि एम्बेसुमा हायलँड्स पार्क या दुसऱ्या क्लबकडे गेला.

विंडहुकहून आलेला नामिबियाचा पीटर शालुलिलेही हायलँड्स पार्ककडूनच नावारूपाला आला. २०२०मध्ये त्या क्लबचेही स्थान विकले गेले, पण २०१९-२०च्या हंगामातले १६ गोल गाठीशी असल्याने मामेलोडी सनडाउन्स या क्लबने त्याला घेतले. २०२१-२२मध्ये त्याने तिथे लीगमध्ये २३ गोल केले. एम्बेसुमाच्या २५ गोलांची बरोबरी करायला त्यालाही दोन कमी पडले.