नऊ केक आणि पिवळी शेवंती: फेब्रुवारी ते मे

आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस मे महिन्यात होता आणि केक घरीच करायचा हे मी फेब्रुवारीत ठरवलं होतं. आजी अंडं खात नाही, क्रीमचा जाड थर तिला नको असतो, आणि फुलांत तिला शेवंती सगळ्यात आवडते. म्हणजे बिनअंड्याचा स्पंज, पातळ क्रीम आणि वर पिवळी शेवंती. त्यासाठी नऊ केक केले. वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना त्यातलं काही ना काही नक्की उपयोगी पडेल.

केक १ ते ३, फेब्रुवारी

सगळे अर्ध्या किलोचे, सहा इंची टिनमधले. कंडेन्स्ड मिल्कचा स्पंज पहिल्यापासून नीट आला, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. रात्री करायचा, पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी कापायचा. चुरा खूप कमी पडतो. थर कापायला मला सुरीपेक्षा शिवणाचा दोरा बरा वाटतो. कडेला सारख्या उंचीवर टूथपिक टोचायच्या, त्यांच्यावरून दोरा फिरवून घ्यायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांवरून ओढायची.

अडलं ते क्रीमपाशी. पहिल्या केकला दुकानात मिळणारं साधं फ्रेश क्रीम आणलं आणि अर्धा तास बीटर फिरवला, पण ते पातळच राहिलं. त्या क्रीममध्ये फॅट साधारण २५ टक्के असतं. फेटून उभं राहायला निदान ३० टक्के लागतं, ३५ असेल तर उत्तम. दुसऱ्या केकपासून केकवाले वापरतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम घेतलं. ते वनस्पती फॅटचं असतं, फ्रोजन मिळतं आणि फुगून तिप्पट-चौपट होतं. अर्ध्या किलोच्या केकला मला २५० मिली पुरतं.

तिसऱ्या केकच्या मध्ये मंडईतून आणलेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घातली. चव सुरेख, पण दुसऱ्या दिवशी थरांतून लाल पाणी सुटलं. आता फोडी कापडावर अर्धा तास कोरड्या करते आणि स्ट्रॉबेरीच्या केकला शुगर सिरप निम्मंच लावते.

केक ४, मार्च: क्रीम फाटलं

ह्या केकने सगळ्यात जास्त शिकवलं. नवा डबा, रात्रभर फ्रिजमध्ये वितळवलेला, तरी फेटल्यावर क्रीम रव्यासारखं कणीदार झालं. पॅलेट नाइफ फिरवला की बारीक भोकं पडायची. दुकानातच तो डबा एकदा वितळून पुन्हा गोठला असणार. एकदा असं झालं की ते क्रीम घरी कितीही फेटा, गुळगुळीत होत नाही. आता पैसे देण्याआधी मी डबा कानाशी धरून हलवते. आत द्रव डुचमळला तर परत ठेवते. घरी आणताना गाडीच्या डिकीत बर्फाची पिशवी आणि थर्मल बॅग असते, कारण मार्चमध्ये दुपारी चाळीस मिनिटं सिग्नलवर थांबत आलं की डबा अर्धा वितळलेला असतो.

फेटताना क्रीम ७ ते १० अंश सेल्सियस हवं. त्याच्यासाठी मी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतला, आणि माझ्या मते क्रीमची नक्षी काढायच्या नोझलच्या मोठ्या सेटआधी तो घ्यावा. भांडं आणि बीटरच्या काड्या पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायच्या, सुरुवात मंद वेगाने करायची. काडी उचलल्यावर टोक किंचित वाकलं की थांबायचं. केकवर लावताना क्रीम आणखी घट्ट होतंच. टोक ताठ उभं राहीपर्यंत फेटलं तर बाजू गुळगुळीत होणं अवघड.

डब्यावरचा सराव

चौथ्या केकनंतर तीन आठवडे मी केक केलाच नाही. सहा इंची स्टीलचा साखरेचा डबा उपडा ठेवून त्यावर क्रीम लावत बसले. नुसत्या स्टीलवरून क्रीम घसरतं, म्हणून डब्याला बटर पेपर गुंडाळून चिकटपट्टी लावली. लावायचं, स्क्रॅपरने सारखं करायचं, खरवडून भांड्यात घ्यायचं, पुन्हा लावायचं. तेच क्रीम चार-पाच वेळा चालतं, मग हवा निघून ते बसतं. एका संध्याकाळी आठ-दहा केकचा सराव होतो आणि स्पंज वाया जात नाही. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

डब्यावरच कळलं की मी स्क्रॅपर हलवत होते आणि टर्नटेबल, म्हणजे केक ठेवायचं फिरतं टेबल, थांबत होतं. करायचं उलट. कोपर पोटाशी टेकवायचं, स्क्रॅपरची खालची कड टर्नटेबलला टेकवून तो बाजूशी साधारण ४५ अंशांत धरायचा, आणि दुसऱ्या हाताने टेबल न थांबता पूर्ण एक फेरा फिरवायचं. हात थांबतो, केक फिरतो. आईने बघितलं आणि म्हणाली, "अगं, रांगोळीची रेघ ओढताना बोटं कुठे हलवतो आपण? मनगट धर." त्या दिवशी पहिल्यांदा बाजूवर एकही ओळ राहिली नाही. मी कितीतरी वेळ डबाच फिरवून बघत होते.

केक ५ आणि ६, मार्च अखेर

पाचवा एका गुरुवारी केला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे लक्षात राहिलं नाही, आणि क्रीम अर्धवट फेटलेलं असताना पंखा, फ्रिज, बीटर सगळं बंद. भांडं बर्फाच्या परातीत ठेवलं आणि उरलेलं हाताने फेटलं. जमलं. आता केकसाठी गुरुवार टाळते.

सहावा मैत्रिणीसाठी. मधल्या थरात पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या श्रूसबेरी बिस्किटांचा जाडसर चुरा घातला. त्याच दिवशी खाल्ला तर कुरकुरीत लागतो, दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. बाजू स्वच्छ आल्या, कारण चुरा धरून ठेवणारा पहिला पातळ थर, म्हणजे क्रंब कोट, लावून केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला होता.

केक ७ आणि ८, एप्रिल: शेवंती

शेवंतीला ८१ नंबरचं नोझल लागतं, त्याचं तोंड अर्धचंद्रासारखं असतं. व्हिपिंग क्रीमच्या पाकळ्यांना धार येईना, म्हणून फुलांपुरतं बटरक्रीम केलं: १०० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम आयसिंग शुगर, चमचाभर दूध. फ्लॉवर नेलवर (फूल काढायचा चपट्या डोक्याचा मोठा खिळा) बटर पेपरचा चौकोन चिकटवायचा आणि मध्ये छोटा उंचवटा काढायचा. मग खालच्या ओळीपासून सुरुवात. नोझलची पोकळ बाजू वर, दाबायचं, बाहेर आणि किंचित वर ओढायचं, दाब सोडूनच हात उचलायचा. दाब आधी सोडला नाही तर पाकळीला शेपूट येतं. वर जाल तशा पाकळ्या आखूड आणि उभ्या, आणि प्रत्येक पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीत.

पण एप्रिलची दुपार, बाहेर ३८. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि तळहातही जवळपास तेवढाच गरम. तिसऱ्या फुलापर्यंत पिशवीतून तूप गळायला लागलं. उपाय दोन केले. पिशवी मुठीत मावेल एवढीच भरायची, आणि दोन पिशव्या आळीपाळीने फ्रिजमध्ये ठेवायच्या. शिवाय पहाटे पाचला बसले. त्या गारव्यात बारा फुलं सलग काढली, नेलवरून कागदासकट उचलून ट्रेमध्ये फ्रीझरमध्ये ठेवली. अर्ध्या तासात ती कडक होतात, मग बोटांनी उचलून केकवर ठेवता येतात.

रंगाबद्दल एक गोष्ट. जेल कलरच घ्या, पातळ रंगाने क्रीम सैल पडतं. आणि हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवा, कारण काही तासांत तो गडद होतो. माझी आठव्या केकवरची शेवंती संध्याकाळपर्यंत झेंडूच्या रंगाला गेली होती.

केक ९, मे

एक किलो, आठ इंची. फुलं तीन दिवस आधी, स्पंज आदल्या रात्री, क्रीम पहाटे. वर टूथपिकने ठिपक्यांच्या रांगोळीसारखे आठ ठिपके काढले आणि एकाआड एक ठिपक्यावर मोठं आणि लहान फूल बसवलं. मध्ये तीन फुलांचा झुपका, ३५२ च्या नोझलने पानं. केक कापायच्या दहा मिनिटं आधीच फ्रिजमधून बाहेर काढला.

आजीने आधी चष्मा लावला, मग वाकून एका फुलाच्या पाकळ्या ओळीओळीने मोजल्या. "खालची ओळ दाट झालीये, वरची विरळ," म्हणाली. बरोबर आहे, वरच्या ओळीत मी घाई केली होती. मग तेच फूल तिने स्वतःच्या ताटलीत मागून घेतलं.

वरची कड अजून धारदार येत नाही. क्रीम आत ओढताना दोन ठिकाणी खळगा राहतो, फोटोत तो फुलांमागे झाकला गेला आहे. जूनमध्ये पुन्हा डब्यावर बसणार आहे, फक्त कडेसाठी. फॉन्डंटचं पाकीट आणून ठेवलं आहे, पण पावसाळी हवेत साखर पाणी ओढते आणि फॉन्डंट चिकट होतं, म्हणून ते ऑक्टोबरपर्यंत उघडणार नाही.